लाकूडतोडीच्या हेल्मेटचे सुटे भाग : काय मागावे, कोठे मागावे

जळकोटहून आमच्याकडे एक हेल्मेट आले. झाडे तोडण्याची कामे घेणाऱ्या एका भाईंचे ते. नारिंगी रंगाचे, कानांवर दोन वाट्या आणि तोंडापुढे काळी जाळी. जाळी मात्र एका अंगाने फाटलेली, आणि फाटलेल्या जागी सळया बांधण्याची तार गुंफलेली. "टोपडं चांगलं हाय, निस्ती जाळी पायजे," एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांनी उदगीरला तीन दुकाने पाहिली होती. एकाने मोटारसायकलच्या हेल्मेटची काच दाखवली, दुसऱ्याने अख्खे नवे हेल्मेट पुढे केले, तिसऱ्याने "असले सुटे भाग येतच नाहीत" म्हणून वाटेला लावले.

येतात. बहुतेक सर्व भाग सुटे मिळतात. पण मागायचे कसे हे गिऱ्हाइकाला माहीत नाही आणि दाखवायचे काय हे दुकानदाराला माहीत नाही. आमच्या भागात कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत मागे पडून पेट्रोलवर चालणारी चेन सॉ, म्हणजे आपली कटर मशीन, गावोगाव पोहोचली आहे. लाकूड, वखार, आरा गिरणी आणि फर्निचर या धंद्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. मशीनची साखळी, प्लग, फिल्टर या वस्तू आता कोठेही मिळू लागल्या. डोक्यावरच्या वस्तूकडे मात्र अजून कोणी माल म्हणून पाहिलेले नाही. म्हणून या एका हेल्मेटच्या निमित्ताने आम्ही जे शोधले, आणि शोधताना ज्या चुका केल्या, ते येथे देत आहोत.

प्रथम हे हेल्मेट कशाकशाचे बनलेले असते ते पाहू. बाहेरचे कठीण कवच प्लास्टिकचे असते. आत पट्ट्यांचा पाळणा असतो, त्याला मागे घट्ट-सैल करण्याची चक्री किंवा खुंट्या असतात. कपाळाला लागते ती घामपट्टी. दोन्ही बाजूंना कवचात खाचा असतात, त्यांत कानवाट्यांच्या दांड्या बसतात. वाट्यांना कानाभोवती मऊ गादी आणि आत स्पंजाची चकती असते. जाळी आपल्या चौकटीसह वेगळी असते. काही हेल्मेटांना हनुवटीचा पट्टाही येतो. यांपैकी घामपट्टी, पाळणा, गाद्या, स्पंज, वाट्या, जाळी आणि पट्टा बदलता येतात. कवच दुरुस्त करता येत नाही. त्याला चीर गेली, खोल ओरखडा पडला किंवा एकदा मोठी फांदी त्यावर आदळली, तर वरून काही दिसो वा न दिसो, ते बाद समजावे. धक्का एकदाच झेलण्यासाठी ते बनवलेले असते.

कवच आणि डोके यांच्यामध्ये पाळण्यामुळे मोकळी जागा राहते. युरोपच्या मानकात ती किमान २५ मि.मी., म्हणजे इंचभर, असावी लागते. फांदी पडली की पट्टे ताणले जातात आणि मार डोक्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याचा जोर ओसरतो. या जागेत विडीबंडल, मोबाइल, रुमालाची घडी असे काहीबाही खोचण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. पाळण्याची एखादी खुंटी तुटली म्हणून तेथे दोरी बांधणे हेही त्याच जातीचे. पाळणा ही स्वस्त वस्तू आहे, पण ती त्याच कंपनीची आणि त्याच हेल्मेटसाठी केलेली हवी. दुसऱ्याचा पाळणा बसल्यासारखा वाटतो आणि मार पडताच निसटतो.

आता तारखेकडे येतो. आमच्याकडून जे शेवटी पाहिले गेले ते सर्वांत आधी पाहायला हवे होते. कवच उलटे करून पुढच्या काठाच्या खालच्या बाजूस पाहा. तेथे प्लास्टिकमध्येच उठवलेले एक लहान वर्तुळ बहुधा सापडते. त्याच्या कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे असेल तो महिना. ही कवच बनल्याची तारीख. प्लास्टिकला ऊन खाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर अधिकच. कवच किती वर्षे वापरावे हे प्रत्येक कंपनी आपल्या माहितीपत्रकात देते, आणि रोज उन्हात काम असेल तर ती मुदत काही थोड्याच वर्षांची असते. पेल्टर या स्वीडिश बनावटीच्या काही हेल्मेटांवर एक लाल चकती असते. ऊन खाऊन खाऊन ती पांढरी पडली की कवच बदलावे असा तिचा इशारा. आपल्याकडच्या साध्या हेल्मेटांवर अशी चकती नसते, तेव्हा तारीखच पाहावी. रंग उडून कवच खडूसारखे फिकट झाले असेल तर तारखेची वाटही पाहू नये. ते पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये, ऑइल पेंटने नाव लिहू नये, भोक पाडू नये. साबण आणि कोमट पाणी पुरते.

जळकोटच्या हेल्मेटची तारीख न पाहताच आम्ही जाळीच्या मागे लागलो. मशीनवर जे नाव आहे त्याच नावाची जाळी फोनवरून एका शहरातल्या दुकानाकडून मागवली. आली ती बसेना. येथे एक गोष्ट कळली, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. मशीन बनवणारा कारखाना हेल्मेट स्वतःच बनवतो असे नाही. अनेकदा ते दुसऱ्याकडून करवून घेतले जाते आणि वर आपले नाव घातले जाते. त्याच नावाच्या जुन्या आणि नव्या हेल्मेटांतही फरक असतो. म्हणून भाग मागताना मशीनचे नाव सांगून उपयोग नाही. हेल्मेटच्या आत, वाटीच्या आतल्या अंगाला आणि जाळीच्या चौकटीवर जे बारीक आकडे व अक्षरे असतात ती उतरवून घ्यावीत. आजकाल मोबाइलवर फोटो पाठवता येतो; पाठवताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, नाही तर आकार कळत नाही.

दुसरी अडचण खाचेची. पुष्कळ हेल्मेटांत बाजूची खाच ३० मि.मी. रुंदीची असते आणि त्या मापाच्या वाट्या सहज मिळतात. पण सर्वच खाचा तशा नसतात, आणि रुंदी जुळली तरी खोली व उतार जुळेलच असे नाही. शिवाय बऱ्याच बनावटींत जाळी कवचाला लागतच नाही. ती कानवाट्यांच्या दांडीवरच्या कडीत अडकते. म्हणजे जाळी बदलायची तर वाट्या कोणत्या आहेत ते आधी पाहिले पाहिजे, आणि वाट्या बदलल्या तर जुनी जाळी बाद होण्याची शक्यता धरली पाहिजे. आमची चूक नेमकी येथेच झाली होती. त्या भाईंनी पूर्वी कधी तरी वाट्या बदलल्या होत्या, कवच एकाचे आणि वाट्या दुसऱ्याच्या. आम्ही कवचाकडे पाहत बसलो.

वाट्या कोणत्याही कवचावर चालतात असे मानू नये. हेल्मेटला जोडायच्या वाट्यांची चाचणी ठरावीक हेल्मेटसह घेतलेली असते, आणि कोणकोणत्या हेल्मेटसह ती वाटी मान्य आहे त्याची यादी चांगली कंपनी डब्यातल्या कागदावर छापते. तो कागद फेकू नये.

कानांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण डोक्याला मार बसला तर तो दिसतो, कान गेलेला दिसत नाही. कटर मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली असा हा हिशोब असतो. वाटीची गादी घामाने आणि उन्हाने कडक होते, तिला भेगा पडतात, मग आवाज त्या फटीतून आत येतो. वाटी दिसते तशीच, काम मात्र करीत नाही. रोजच्या वापरात गाद्या आणि स्पंज वर्षातून दोनदा बदलावेत असे बनवणारे सांगतात. त्यांचा जोड पाकिटात मिळतो, बोटांनी बसवता येतो, आणि नव्या वाट्यांच्या मानाने फार स्वस्त पडतो. गमछा कानांवरून घेऊन त्यावर वाट्या लावल्या तर गादी कातडीला टेकत नाही. नमाजची पातळ सुती टोपी कानांवर येत नसल्याने वाटीच्या आड येत नाही. पण जाड विणीची किंवा भरतकामाची कडक टोपी आत असली की हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. काम सुरू करताना ती खिशात ठेवावी.

जाळीचे काम उडणारे तुकडे, काटक्या आणि साल अडवण्याचे. बाभळीचा किंवा चिंचेचा वाळका ओंडका कापताना ते किती जोराने येतात हे काम करणाराच जाणतो. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. तो घाव जाळी अडवू शकेल या भरवशावर राहू नये. त्यासाठी मशीनचा ब्रेक आणि हातांची पकड. बारीक भुसाही जाळीतून आत येतो, म्हणून आत साधा सुरक्षा चष्मा घालणे चांगले. फाटलेल्या जागी खिडकीची मच्छरजाळी शिवणे किंवा तार गुंफणे म्हणजे डोळ्यापुढे आणखी एक टोक उभे करणे होय. पारदर्शक काच लावावी काय, असे आम्हास विचारण्यात आले. तिच्यावर घामाची वाफ धरते आणि ओरखडे पडतात. लाकूडतोडीला जाळीच बरी.

माल कोठे मिळेल? आमच्या भागातून पहिली वाट हैदराबादची. उदगीरहून रेल्वे आहे आणि निजामाच्या काळापासूनचा व्यापारी राबता आहे. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये औद्योगिक सामानाची आणि सुरक्षा साहित्याची दुकाने रांगेने आहेत. दुसरी वाट मुंबईची. मशीद बंदर स्थानकाजवळ नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे व औद्योगिक साहित्याचा जुना बाजार आहे. मशीनवाल्या कंपन्यांपैकी जर्मनीच्या स्टिलचा भारतातला कारभार पुण्याहून चालतो. अशा कंपनीचे हेल्मेट असेल तर जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडून भागाचा नंबर देऊन मागवणे सर्वांत बिनचूक. देशी हेल्मेटांत कोलकात्याची उद्योगी, नवी मुंबईची व्हीनस, उत्तर प्रदेशातली करम ही नावे बाजारात आहेत. कवचावर आय. एस. २९२५ हा क्रमांक आणि आय.एस.आय.ची खूण पाहावी. परदेशी माल असेल तर कवचावर ई. एन. ३९७, वाट्यांवर ३५२ आणि जाळीवर १७३१ हे आकडे असतात. कसलाच आकडा नसलेला तीन-वस्तू-एकत्र संच स्वस्त मिळतो खरा, पण त्याचा सुटा भाग पुढे कोठेही मिळत नाही.

आमची न बसलेली जाळी परत घ्यायला तो दुकानदार तयार होईना. "एकदा गेलेला माल परत नाही." या बाबतीत आपल्या व्यापारी बांधवांना एक आठवण द्यावीशी वाटते. हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेल्या मालाविषयी ‘ख्यार-ए-रूयत’ आहे. माल पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा हा अधिकार घेणाऱ्याला राहतो. मालात ऐब निघाला तर ‘ख्यार-ए-ऐब’ वेगळाच. फोनवरून आणि फोटोवरून चालणाऱ्या आजच्या धंद्याला हे नियम जणू शिवून दिल्यासारखे बसतात. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढली आणि ती वर का ठेवली नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. दुकानात चार वर्षे पडून राहिलेले हेल्मेट पुसून नवे म्हणून देणे ही तीच ओल आहे. तारीख गिऱ्हाइकाला दाखवावी, भाव कमी करावा, आणि मुदत उलटली असेल तर विकूच नये.

धंदा म्हणून पाहिले तर या मालाला भांडवल थोडे लागते. जळकोट, मुखेड, कंधार अशा ठिकाणी जो साखळ्या आणि ऑइल विकतो त्याने एक-दोन ठरावीक बनावटींचीच हेल्मेटे ठेवावीत आणि त्यांच्याच घामपट्ट्या, पाळणे, गाद्यांची पाकिटे व जाळ्या जवळ बाळगाव्यात. दहा बनावटी ठेवल्या की एकाचाही भाग वेळेवर सापडत नाही. पक्के बिल द्यावे आणि त्यावर भागाचा नंबर लिहावा. पुढच्या वेळी गिऱ्हाईक तोच कागद घेऊन येते. गाद्या वर्षातून दोनदा जाणार म्हणजे गिऱ्हाईकही दोनदा येणार. मजूर लावणाऱ्या ठेकेदारांना आमचे सांगणे एवढेच, की प्रत्येक माणसाचे हेल्मेट वेगळे असावे. एकाचे घामट टोपडे दुसऱ्याच्या डोक्यावर गेले की दोघेही ते झाडाला टांगून काम करतात.

त्या हेल्मेटचे काय झाले तेही सांगतो. योग्य जाळी अखेर राणीगंजहून मिळाली, वाट्यांच्या नंबरावरून मागवली तेव्हा. ती बसवण्यासाठी कवच उलटे केले आणि तेव्हा कोठे ते वर्तुळ आमच्या नजरेस पडले. कवच नऊ वर्षांचे होते. वाट्या चांगल्या होत्या, जाळी नवी होती. त्या वाट्यांच्या यादीत असलेले नवे कवच मागवले, गाद्या बदलल्या आणि सगळे त्यावर चढवून जळकोटला पाठवले. जुन्या कवचाबद्दल भाईंना फोन केला. "पोराला ऱ्हाऊ द्या, फांद्या उचलायला चालंल," असे ते म्हणाले. आम्ही नाही म्हटले, आणि त्यांच्या होकाराने करवतीने त्याचे दोन तुकडे केले.