फाईलींची वाहतूक आणि माहितीचे रूपांतर : योग्य मांडणीचे महत्त्व

शासकीय कामकाजात एका कार्यालयाची माहिती दुसऱ्या कार्यालयास पोहोचणे ही नित्याची बाब आहे. पूर्वी हे काम टपालाने आणि जावक-आवक नोंदवहीच्या साहाय्याने होत असे. आता तेच काम संगणकावरील फाईली करीत असतात. महाविद्यालयाची शिष्यवृत्तीची यादी विभागाकडे जाते, विभागाकडून बँकेकडे जाते, आणि अखेर विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा होते. या प्रवासात माणसाचा हात क्वचितच लागतो. फाईल आणणे, तपासणे, तिचे स्वरूप बदलणे आणि पुढे पाठविणे ही सर्व कामे कार्यप्रवाह जोडणारी संगणक प्रणाली पार पाडते. तथापि प्रणाली तिला सांगितले तेवढेच करते. म्हणूनच तिची मांडणी कशी करावी हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा प्रणाली अनेक आहेत. या लेखात ‘अपाची नायफाय’ ही प्रणाली उदाहरणादाखल घेतली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती विकसित केली आणि २०१४ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तीत प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र घटक असतो. हे घटक पडद्यावर मांडून रेषांनी एकमेकांस जोडावयाचे असतात. एका घटकाचे काम संपले की फाईल रेषेवरून पुढच्या घटकाकडे जाते.

सुरक्षित मार्ग

संगणकांमध्ये फाईली पाठविण्याच्या ‘एफटीपी’ या पद्धतीचा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर होत, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मात्र मूळ एफटीपीमध्ये परवलीचा शब्द उघड्या स्वरूपात जातो. त्या काळच्या मोजक्या संगणकांच्या जाळ्यात ते चालून गेले. आज चालणार नाही. यास्तव ‘एसएफटीपी’ ही पद्धत वापरावी. तीत सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो. परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणे अधिक श्रेयस्कर. तसेच समोरचा संगणक तोच आहे ना, याची खातरजमा करण्याची सोय चालू ठेवावी. ती बंद असल्यास आपण भलत्याच दारात टपाल टाकीत आहोत हे कळणारही नाही.

अर्धवट फाईलचा धोका

समजा, एका कार्यालयाने ४१२ विद्यार्थ्यांची यादी पाठविण्यास सुरुवात केली. निम्मी यादी पोहोचली असतानाच घेणाऱ्या प्रणालीने ती उचलली. परिणामी सुमारे दोनशे विद्यार्थी यादीतून गळाले. आणि यंत्राच्या दृष्टीने मात्र चूक झालीच नाही!

यावरील उपाय साधा आहे. पाठविणाऱ्याने फाईलीस प्रथम तात्पुरते, टिंबाने सुरू होणारे नाव द्यावे आणि ती संपूर्ण पोहोचल्यावरच खरे नाव द्यावे. नायफायमधील ‘पुट एसएफटीपी’ या घटकात ही सोय आहे. दुसऱ्या बाजूस फाईलींची यादी घेणाऱ्या ‘लिस्ट एसएफटीपी’ या घटकाला टिंबाच्या नावांकडे दुर्लक्ष करण्यास सांगता येते. हा घटक आपण कोठवर पाहिले हे लक्षात ठेवतो, आणि प्रत्यक्ष फाईल आणण्याचे काम ‘फेच एसएफटीपी’ करतो. आणलेली फाईल मूळ जागेवरून पुसून टाकण्याऐवजी वेगळ्या कप्प्यात हलवावी, म्हणजे वाद उद्भवल्यास मूळ प्रत हाताशी राहते.

तीच फाईल दोनदा येण्याचाही संभव असतो. केवळ नावावर विसंबू नये. फाईलीतील मजकुरावरून काढलेली ‘शा-२५६’ ही खूण जपून ठेवावी. मजकूर तोच असेल तर खूणही तीच येते, आणि दुबार रक्कम जाण्याचा प्रसंग टळतो.

शून्याची किंमत

आता रूपांतराकडे वळू. बहुतेक याद्या ‘सीएसव्ही’ स्वरूपात येतात. तीत रकाने स्वल्पविरामांनी विभागलेले असतात. पत्त्यातच स्वल्पविराम असेल तर तो रकाना अवतरणचिन्हांत असला पाहिजे, अन्यथा पुढचे सर्व रकाने एकेक घर सरकतात.

याहून गंभीर बाब खाते क्रमांकाची आहे. काही खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. संगणकाने त्या रकान्यास ‘संख्या’ मानले की आरंभीची शून्ये नाहीशी होतात. तक्ते करणाऱ्या प्रचलित प्रणालींत पंधराहून अधिक अंकांची संख्या लिहिल्यास पंधराव्या अंकानंतर शून्ये पडतात. गणिताच्या दृष्टीने आरंभीच्या शून्याला किंमत नाही. परंतु फी भरण्याची मुदत उद्या संपत असलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने त्या एका शून्याची किंमत संपूर्ण शिष्यवृत्तीएवढी असते.

म्हणून रकान्याचे स्वरूप आपोआप ओळखण्याची सोय अशा यादीसाठी वापरू नये. ‘कन्व्हर्ट रेकॉर्ड’ या घटकाला प्रत्येक रकान्याचे वर्णन आपण स्वतः लिहून द्यावे. ज्या अंकांची बेरीज करावयाची नाही, ते सर्व ‘मजकूर’ समजावेत, हा सोपा नियम लक्षात ठेवावा. खाते क्रमांक, आधार क्रमांक, पिनकोड आणि दूरध्वनी क्रमांक या नियमात येतात. रक्कम मात्र संख्याच राहील.

तारखांबाबतही हीच दक्षता हवी. ०५/०७/२००७ ही तारीख आपल्याकडे ५ जुलै, तर अमेरिकी पद्धतीने ७ मे होते. आलेली तारीख कोणत्या क्रमाची आहे हे मांडणीत स्पष्ट लिहावे आणि पुढे पाठविताना वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम ठेवावा. परिमाणांच्या गफलतीने केवढा अनर्थ होतो हे मंगळाकडे गेलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाने दाखवून दिले. पृथ्वीवरील एका प्रणालीने दिलेले आकडे पौंडाच्या परिमाणात होते, तर ते घेणाऱ्या प्रणालीने ते न्यूटनच्या परिमाणात आहेत असे गृहीत धरले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते यान नष्ट झाले.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठी नावांसंबंधी काही विशेष अडचणी आहेत. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. तो प्रथम युनिकोडमध्ये आणावा लागतो. युनिकोडमध्येही ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ यांतील ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिला जातो. ‘ॲ’ हे अक्षरसुद्धा एका संकेताने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन असे दोन प्रकारे येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणक मात्र त्यांना भिन्न समजतो आणि नाव जुळत नसल्याचे कळवितो. यास्तव तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंची नावे एकाच प्रकारात आणणारी पायरी कार्यप्रवाहात अवश्य ठेवावी.

आणखी एक गोष्ट. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि काना-मात्रा हीही स्वतंत्र चिन्हेच असतात. तीस बाइटांच्या रकान्यात केवळ दहा चिन्हे मावतात. ठरावीक लांबीच्या रकान्यांची फाईल बनविताना याचा हिशेब न ठेवल्यास आडनाव मध्येच तुटते.

सदोष नोंदी व ताळा

चारशे बारा नोंदींत सात सदोष असतील तर काय करावे? संपूर्ण फाईल अडविल्यास चारशे पाच निर्दोष विद्यार्थी खोळंबतात. सात नोंदी मुकाट्याने वगळल्यास त्या सातजणांना आपण वगळले गेलो हेही कळत नाही. दोन्ही मार्ग अयोग्य होत. ‘व्हॅलिडेट रेकॉर्ड’ हा घटक योग्य आणि अयोग्य नोंदी वेगळ्या वाटांनी पाठवितो. आय.एफ.एस. संकेत अकरा वर्णांचा असून त्याचा पाचवा वर्ण शून्य असतो; असे नियम येथे लावता येतात. अयोग्य नोंदींची वाट मात्र कोठेतरी पोहोचली पाहिजे. त्या नोंदी, कारणासह, नेमून दिलेल्या कर्मचाऱ्याकडे त्याच दिवशी जाव्यात.

शेवटी ताळा पाहावा. आलेल्या नोंदी ४१२, पुढे गेलेल्या ४०५, परत पाठविलेल्या ७. बेरीज जुळली पाहिजे. रकमांचीही तशीच बेरीज घ्यावी. आपल्या गावचा जुना हिशेबनीस रोजमेळ जुळविल्याशिवाय उठत नसे. तीच शिस्त येथे यंत्रास लावावयाची आहे. नायफाय प्रत्येक फाईलीच्या प्रवासाची नोंद ठेवते. ‘माझी रक्कम का आली नाही?’ या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीवरून देता येते.

मांडणी पूर्ण झाल्यावर ती थेट कामास लावू नये. काल्पनिक नावांची एक छोटी यादी तयार करून तीत मुद्दाम चुका घालाव्यात : शून्याने सुरू होणारा क्रमांक, उलटी तारीख, पत्त्यातील स्वल्पविराम, दोन प्रकारचा ‘ऱ’, दुबार आलेली फाईल. या सर्व चुका प्रणालीने पकडल्या तरच ती विश्वासास पात्र समजावी. चाचणीसाठी खऱ्या लाभार्थ्यांची माहिती कदापि वापरू नये.

फाईलीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक नागरिक असतो. तो कार्यालयाच्या दारात उभा नसतो, त्यामुळे त्याची ओळ गळाली तर आवाज होत नाही. तो आवाज आपणांस ऐकू यावा अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे, हेच या मांडणीचे खरे प्रयोजन होय.