पणजोबांचा माग

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ग्रँट डफ हे नाव नवे नाही. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कारभार पाहिलेल्या आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या या स्कॉटिश अधिकाऱ्याचे मूळ आडनाव नुसते ग्रँट असे होते. ‘डफ’ हे त्याच्या आईच्या माहेरचे. आईच्या घराण्याकडून ईडन येथील जमीनजुमला वारशाने आला, तेव्हा हे आडनावही त्याने धारण केले. जमिनीमागोमाग नाव आले, ते असे.

अशा जमीनदार पूर्वजाचा शोध तिकडच्या वंशजाला फारसा अवघड जात नाही. जमिनीच्या हस्तांतराची सरकारी नोंदवही स्कॉटलंडात १६१७ पासून आहे. जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नोंदणी १८५५ पासून आहे. विशेष म्हणजे मृत्यूच्या नोंदीत मृताच्या बापाबरोबर आईचेही नाव, आणि तेही माहेरच्या आडनावासह लिहिलेले असते. एका नोंदीचा धागा धरला की मागची पिढी हाती लागते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या घराण्याचा असाच माग काढायचा झाल्यास कोठून सुरुवात करावी, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम जिल्ह्याचाच पूर्वेतिहास ध्यानात ठेवावा लागतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे आपला जिल्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. पुसद तालुका तोवर वाशीम जिल्ह्यात होता. तेव्हा पुसदकडच्या माणसाने त्याआधीचा कागद शोधताना वाशीमचे नाव विसरू नये.

वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. नागपूरकडे मालगुजार हा सरकार आणि कास्तकार यांच्या मधे उभा असे. वऱ्हाडात खातेदार आपला सारा थेट सरकारात भरी. त्यामुळे साध्या खातेदाराचेही नाव सरकारदप्तरी चढले. परंतु आपल्या जिल्ह्यात याला एक मोठा अपवाद झाला. रानात गेलेली, ओसाड पडलेली गावे वसविण्यासाठी १८६५ च्या नियमांन्वये सबंध गावेच्या गावे लांब मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आली. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावापुढे आजही ‘इजारा’ हा शब्द लागतो, तो याच व्यवस्थेची खूण होय. अशा गावी दप्तरात मोठ्या अक्षरात दिसतो तो इजारदार. जंगल तोडून वावर काढणारी कुळे त्याच्या आड राहिली. विदर्भ मध्य प्रदेशात असताना झालेल्या १९५० च्या कायद्याने ही मालकी संपली व १९५१ पासून ती गावे सरकारकडे आली.

आता प्रत्यक्ष शोधाची पद्धत पाहू. जमीन असलेल्याने आजच्या सातबाऱ्यापासून उलटे चालावे. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे घरातला एक मृत्यू, एक वाटणी किंवा एक विक्री. त्या मागे नेत नेत १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत पोहोचता येते. तीर्थयात्रा केलेल्या घराण्यांची नावे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही सापडतात; तेथे आडनाव आणि मूळ गाव सांगावे लागते.

पण ज्याला सातबाराच नाही त्याने काय करावे? येथे स्वतःच्या घरचे सांगणे भाग आहे. माझे आजोबा सालाने राहत. पाडव्याला साल ठरे, ते तोंडी. सालदाराचे नाव कोणत्याच फेरफारात येत नाही. तरीही मला पणजोबांचा कागद शोधावा लागला, कारण जातीच्या प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. साहेबाच्या देशात जो हौसेचा विषय, तो आपल्याकडे शिष्यवृत्तीचा प्रश्न होऊन बसतो.

अशा वेळी दोन कागद उपयोगी पडतात. एक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा शाळेत गेले नव्हते. पण चुलत आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते, आणि वडिलांकडील नातेवाइकाचा पुरावाही चालतो. दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुक, गावातील जन्ममृत्यूची जुनी नोंद. त्याची नक्कल तहसिलातून मिळते. त्यात बाळाचे नाव शोधू नये, कारण बहुधा ते नसतेच. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असे.

तिसऱ्या खेपेस नक्कल हाती आली. पणजोबांचे नाव, आणि पुढे ‘एक मुलगा’. तो एक मुलगा म्हणजे माझे आजोबा. घरी वाचून दाखविले तेव्हा आजी म्हणाली, “तुह्या आज्याच्या बापाचं नाव कागदात असन, हे वाटेच बाप्पा, पन वाचाले कोनाले येत होतं?” तिचे बोलणे ऐकून कॉलेजात आल्याचे सार्थक वाटले.

परंतु त्या नकलेत पणजीचे नाव नव्हते. आजीला ते विचारले, तर तिलाही आठवेना. सासूला नावाने हाक कोण मारणार? जमीनवाल्यांच्या घरीही स्थिती फारशी निराळी नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस फेरफारात येऊ लागली, पण पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड होऊन ती नाहीशी होतात. मुलीचे नाव कागदावर येते ते हक्क सोडण्यापुरते! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, हे योग्यच झाले. मागच्या पणज्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

तात्पर्य, सरकारी दप्तर हे मुख्यतः जमीन, सारा आणि पुरुष यांची आठवण ठेवते. बाकीच्यांची आठवण घरातल्या वृद्धांजवळ आहे, आणि ती नक्कल मागून मिळत नाही. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत गावी गेल्यावर एक वही घ्या. आजी-आजोबांजवळ बसा. नाव, गाव, कोण कोठून आले, कोणाच्या वावरात राबले, आणि आजीच्या आईचे नाव काय, एवढे लिहून काढा. माझ्या वहीत पणजीच्या नावाची जागा कोरी आहे. तुमच्या वहीत ती कोरी राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.