ब्राउनी मुलींसाठी बॅज : निवड कशी करावी?



न्यूझीलंडमध्ये ज्या घरात शाळकरी मुलगी आहे त्या घरात गर्ल गाइडिंगचे नाव आज ना उद्या निघतेच. पाच-सहा वर्षांच्या मुली 'पिपिन', साधारण सात ते नऊ वर्षांच्या 'ब्राउनी' आणि त्यापुढच्या 'गाइड' होतात. मुलगी ब्राउनीत जाऊ लागली की थोड्याच दिवसांत पथकाच्या बाई विचारतात, "पुढच्या बॅजची तयारी तुम्ही करून घ्याल का?" आई कामावरून दमून आलेली असते. ती म्हणते, "मला वेळ कुठे आहे?" आजी म्हणते, "त्यांचे मला काय येते?" अशा आयांसाठी व आज्यांसाठी हा पाठ लिहिला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. या देशात स्काउटिंग सुरू करणारे लेफ्टनंट कर्नल डेव्हिड कॉसग्रोव्ह हे पेशाने शिक्षक होते. १९०८ साली त्यांनी मुलांची पथके काढली व त्याच सुमारास मुलींसाठी 'गर्ल पीस स्काउट्स' सुरू केले. ब्रिटनमध्ये गर्ल गाइड्सची स्थापना १९१० सालची, म्हणजे येथील मुली त्यांच्याही आधीच्या. पुढे १९२३ साली पीस स्काउट्सच्या मुली गर्ल गाइड्समध्ये आल्या. आपल्याला हे सारे अगदीच परके नाही. भारतात याच वयाच्या मुलींना 'बुलबुल' म्हणतात, आणि जागतिक गाइड संघटनेचे 'संगम' हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

ब्राउनी हे नाव ज्युलियाना युइंग या लेखिकेच्या एका जुन्या इंग्रजी गोष्टीवरून घेतले आहे. घरातली कामे गुपचूप करून जाणाऱ्या ब्राउनींना मुले शोधायला निघतात, आणि शेवटी त्यांना कळते की ते ब्राउनी आपण स्वतःच होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९१४ साली लहान मुलींना 'रोझबड' म्हणजे गुलाबकळी म्हणत. ते नाव मागे पडले व दुसऱ्याच वर्षी 'ब्राउनी' आले. शोभेच्या कळीचे नाव जाऊन काम करणाऱ्या हाताचे नाव आले, ही गोष्ट बॅज निवडताना ध्यानात ठेवावी.

चार कसोट्या

कोणताही उपक्रम ठरवण्यापूर्वी तो पुढील चार कसोट्यांवर घासून पाहावा.

१. मुलीचे हात कामात असावेत. सात वर्षांची मुलगी दिवसभर शाळेत बसून आलेली असते. तिला पुन्हा व्याख्यान नको.

२. त्याच दिवशी काहीतरी हाती लागावे. वीस-पंचवीस मिनिटांत काही दिसले, चाखले किंवा मोजले गेले तरच गोडी टिकते.

३. काम तिचे तिला जमावे. आईने कापायचे, आईने चिकटवायचे आणि मुलीने फक्त रंग भरायचा, अशा कामाचा बॅज आईच्या बाहीवर लावलेला बरा.

४. शिकलेले तिला दुसरीला शिकवता यावे. ही कसोटी सर्वांत मोठी आहे.

पुष्कळदा 'मजा' म्हणजे रंगीत कागद, गोळ्या व गाणी असे समजले जाते. या गोष्टी असाव्यातही, पण खरी मजा "हे मला येते" असे म्हणता येण्यात आहे. न करता मिळालेला बॅज मुलीला फसवत नाही. आपण काहीच केले नाही हे तिला ठाऊक असते. असे दोन-तीन बॅज मिळाले की चौथ्याची किंमत उरत नाही, आणि हळूहळू तिचे पथकात जाणेही बंद होते. आपल्या घरांत आणखी एक बाब आहे. नात इंग्रजीत बोलते, आजी मराठीत, आणि दोघींचे बोलणे जेवणापुरते उरते. हातांना काम मिळाले की भाषेची अडचण निम्मी होते. नीट निवडलेला बॅज आजीला शिकवायची आणि नातीला ऐकायची संधी देतो.

नमुना पहिला : आकाश

हा उपक्रम जून-जुलैत घ्यावा. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, त्यामुळे लहान मुलींनाही जेवणापूर्वी तारे पाहता येतात. कोकणात आपण उत्तर दिशा ध्रुवताऱ्यावरून शिकलो. येथून ध्रुवतारा दिसतच नाही. येथे दक्षिण दिशा शोधायची ती 'सदर्न क्रॉस'वरून. हा म्हणजे आपला त्रिशंकू. कोकणात उन्हाळ्याच्या रात्री तो दक्षिण क्षितिजालगत थोडा वेळ दिसतो, येथे तो कधी मावळतच नाही. त्याची लांब बाजू माथ्याकडून पायथ्याकडे साडेचार पट पुढे वाढवावी, आणि त्या ठिकाणाहून सरळ खाली क्षितिजावर यावे, की दक्षिण सापडली. प्रत्येक मुलीने हात लांब करून बोटांनी हे अंतर स्वतः मोजावे.

दुसरे काम पहाटेचे आहे. जूनअखेर व जुलैत उजाडण्यापूर्वी ईशान्येकडे ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका दिसतो. माओरी लोक त्याला 'माटारिकी' म्हणतात व त्याच्या उगवण्याने नवे वर्ष मोजतात. २०२२ पासून त्या सणाची देशभर सुट्टी असते. मराठीत हाच पुंजका कृत्तिका. आपल्या शास्त्रात आमोस व ईयोब यांच्या ग्रंथांत 'किमा' असे नाव येते, तोही हाच असे मानले जाते. एका मुलीजवळ एकाच पुंजक्याची तीन नावे असणे ही केवढी श्रीमंती! आपण कोठून आलो हे पथकात सांगण्यासाठी तिला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

नमुना दुसरा : हाराकेके

हाराकेके म्हणजे येथील फ्लॅक्स. त्याच्या पातीचे विणकाम मुलींना फार आवडते. पण पाती काढण्याचे माओरी नियम आधी शिकवावेत, कारण खरा धडा त्यांतच आहे. पातींच्या पंख्यात मधला कोंब म्हणजे मूल व त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाती म्हणजे आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही. बाहेरच्या जून पाती तेवढ्या तिरप्या कापायच्या. पावसात व रात्री कापायचे नाही. उरलेले तुकडे झाडाच्या बुंध्याशी ठेवायचे. हाताने केलेली पहिली वस्तू स्वतःजवळ न ठेवता कोणाला तरी द्यायची.

सुरी मोठ्यांच्या हाती असावी. नखाने पातीच्या पट्ट्या काढणे व 'एक वर, एक खाली' अशी लहान चटई विणणे मुलींना जमते. ज्या आजीने कोकणात नारळाच्या झावळ्यांचे झाप विणलेले पाहिले आहेत तिला हे हात ओळखीचे वाटतील. परिसरात जाणकार माओरी शिक्षिका असल्यास त्यांना आदराने बोलवावे. हे त्यांचे ज्ञान आहे, ते त्यांच्याकडूनच शिकलेले बरे.

नमुना तिसरा : स्वयंपाक

एप्रिलमध्ये, २५ तारखेच्या अँझॅक दिनाच्या सुमारास, अँझॅक बिस्किटे करावीत. ओट, मैदा, साखर, सुके खोबरे, लोणी व गोल्डन सिरप एवढेच साहित्य लागते, अंडे लागत नाही. सोडा गरम पाण्यात कालवून पातळ केलेल्या लोण्यात घातला की फेस वर येतो. तेव्हा सगळ्या मुली टाळ्या वाजवतात. भट्टी व गरम भांडे मोठ्यांनी सांभाळावे. मापून घेणे, कालवणे व गोळे करणे मुलींनी करावे.

विस्तवाची सोय नसेल तर गोड पोहे उत्तम. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे व वेलची घ्यावी, आणि बोथट सुरीने कापलेली केळी वर घालावीत. येथे एक सूचना आहे. हेच जिन्नस आपल्या मलिद्यात असतात, पण मलिदा हा प्रार्थनेचा विधी आहे, तो खेळात करू नये. पथकात फक्त गोड पोहे करावेत, आणि घरी मलिदा केव्हा व का करतात हे मुलीने आपल्या शब्दांत सांगावे. सुका मेवा घालण्यापूर्वी कोणास त्याचा त्रास होतो का, हे सर्व पालकांस विचारून घ्यावे.

नमुना चौथा : पक्षी

येथे दर हिवाळ्यात बागेतील पक्ष्यांची देशव्यापी मोजणी होते. ती २००७ साली सुरू झाली. एक तास एका जागी बसायचे आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. लहान मुलींचे दोन गट करून अर्धा अर्धा तास वाटून द्यावा. टुई व पंख्यासारखी शेपटी उघडणारा फॅनटेल ओळखणे सोपे. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेल्या चिमुकल्या पक्ष्याला माओरीत 'टाउहोउ' म्हणजे 'नवखा' म्हणतात. तो एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाहून आपण होऊन आला व येथलाच झाला. उत्तर बेटात तर आपली साळुंकीही दिसते. तिला मात्र माणसांनी आणले. बाहेरून आलेल्या घरातील मुलींना या पक्ष्यांच्या कथा विशेष आवडतात.

चार आठवड्यांची आखणी

पहिल्या आठवड्यात पाहणे, दुसऱ्यात हाताने करणे, तिसऱ्यात एकटीने करणे, चौथ्यात शिकवणे. आकाशाचा उपक्रम घेतल्यास पहिल्या दिवशी काळ्या कागदाला टाचणीने भोके पाडून त्रिशंकू करावा व विजेरीने भिंतीवर पाडावा. दुसऱ्या दिवशी अंगणात तो प्रत्यक्ष शोधावा. तिसऱ्या दिवशी प्रत्येकीने एकटीने दक्षिण दाखवावी. चौथ्या दिवशी तिने धाकट्या पिपिनला किंवा घरच्या कोणाला ते शिकवावे. ढग आल्यास भिंतीवरचे तारे आहेतच.

बॅजची कलमे वेळोवेळी बदलतात, म्हणून पथकाच्या बाईंकडून चालू कलमे आधी पाहून घ्यावीत.

काही सूचना

शिबिर शुक्रवार संध्याकाळपासून असेल तर शब्बाथविषयी बाईंना आधीच सांगावे. लिहिणे, कापणे व शेकोटी पेटवणे ही कामे रविवारी ठेवता येतात. शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असते, तेव्हा मुलीच्या डब्यात दुसरे काही द्यावे. तिला आयत्या वेळी "नको" म्हणायला लावू नये.

सामान महाग नसावे. एकीची पेटी मोठी व दुसरीची लहान असे झाले की बॅज पैशाचा होतो.

बुजऱ्या मुलीला सर्वांसमोर उभे करू नये. एकाच मैत्रिणीला शिकवले तरी ते शिकवणेच आहे.

शेवटी, बॅज देण्यापूर्वी मुलीला एकच प्रश्न विचारावा : "हे तू आता कोणाला शिकवशील?" तिने नाव सांगितले की बॅज द्यावा. तिने आजीचे नाव सांगितले, तर आजीने नकाशे, तारे, पाती जे असेल ते निमूटपणे शिकून घ्यावे, आणि मराठीत प्रश्न विचारावेत.