मधुमेही पायाचा दुष्टव्रण आणि लेव्होनाडिफ्लॉक्सॅसिन

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीच्या बागेत काम करताना पायात काटा मोडणे किंवा विळा लागणे नित्याचे आहे. मात्र जखमी व्यक्ती मधुमेही असेल तर पाय बधिर असल्यामुळे वेदना जाणवत नाही. रुग्ण हळद लावून थांबतो, मग औषध दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या नेतो आणि सूज उतरताच त्या बंद करतो. काही आठवड्यांनी तो आपल्याकडे येतो तेव्हा प्रश्न जखमेचा उरलेला नसतो. पाय राहील की जाईल, हा असतो.

अशा व्रणात आढळणारा एक प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. त्याच्या मेथिसिलिन-प्रतिरोधी प्रकारास एमआरएसए म्हणतात. पेनिसिलिन गटाची औषधे जंतूची भित्तिका बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून कार्य करतात. एमआरएसए हा त्या प्रथिनाचा वेगळाच प्रकार तयार करतो. त्याला ही औषधे नीट चिकटत नाहीत, म्हणून क्लॉक्सॅसिलिन, सेफॅलेक्सिन यांसारखी औषधे तेथे निष्प्रभ ठरतात.

औषधाचे कार्य

या जंतूवरील एक औषध आपल्या शेजारीच विकसित झाले, ही समाधानाची बाब होय. वोक्हार्ट कंपनीच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील संशोधन केंद्रात लेव्होनाडिफ्लॉक्सॅसिनवर काम झाले. जानेवारी २०२० मध्ये त्यास भारतात मान्यता मिळाली. शिरेवाटे देण्याचे एमरोक आणि पोटात घेण्याचे एमरोक-ओ अशी त्याची दोन रूपे आहेत. मधुमेही पायासह त्वचा व मृदू ऊतींच्या तीव्र जंतुसंसर्गात त्याचा उपयोग सांगितला आहे.

हे औषध क्विनोलोन गटातील आहे. जंतूचा डीएनए पिळदार असतो. तो उलगडताना जंतूची विकरे दोन्ही धागे कापून पुन्हा जोडतात. क्विनोलोन हे विकर कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. डीएनए तुटतो आणि जंतू मरतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी जुनी औषधे या जंतूत मुख्यतः टोपोआयसोमरेज-४ या विकरावर कार्य करतात, आणि तेथेच बदल घडवून जंतू निसटतो. लेव्होनाडिफ्लॉक्सॅसिनचा मुख्य रोख डीएनए गायरेज या दुसऱ्या विकरावर आहे. शिवाय पुवाच्या आम्लधर्मी परिसरात त्याची शक्ती वाढते.

प्रौढांसाठी शिरेवाटे ८०० मिलिग्रॅम किंवा तोंडाने १००० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, साधारणतः सात ते दहा दिवस अशी मात्रा आहे. त्याची निवड पुवाच्या जंतुपरीक्षणाच्या आधारे तज्ज्ञाने करावी.

आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. पू साचला असेल तर तो बाहेर काढणे आणि मृत मांस दूर करणे यांना आजही पर्याय नाही. रक्तपुरवठा नसलेल्या भागात कोणतेही औषध पोहोचत नाही. म्हणून मधुमेह्याच्या प्रत्येक भेटीत तळवे व बोटांमधील जागा पाहावी. काळसरपणा, दुर्गंधी, ज्वर किंवा वर चढणारी लाली दिसताच रुग्णास विलंब न करता जळगाव, भुसावळ अथवा बऱ्हाणपूर येथे शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. शक्य असेल तेथे प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी पुवाचा नमुना घेतला जावा.

आपल्या चिकित्सेशी थेट निगडित आणखी एक मुद्दा आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याशी क्विनोलोन आतड्यात बांधले जाते व त्याचे शोषण घटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन व लेव्होफ्लॉक्सॅसिन यांबाबत हे सुविदित आहे. म्हणून रुग्ण क्विनोलोन गोळ्या घेत असताना लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ हे कल्प त्या काळापुरते थांबवणे अधिक सुरक्षित. या गटाने रक्तशर्करा खाली-वर होऊ शकते व स्नायुबंधास इजा पोहोचू शकते, याचेही भान असावे.

औषध विक्रेत्या बंधूंनी लक्षात घ्यावे की १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सेफिक्सिम, मेरोपेनेम आदी औषधे त्यात येतात. त्यांची विक्री करताना चिकित्सक, रुग्ण, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र नोंद करून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या देणे म्हणजे रुग्णाची सोय नव्हे. अपुऱ्या मात्रेत दुबळे जंतू मरतात, निब्बर मात्र उरतात आणि वाढतात.

नवे औषध तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. ते निकामी करण्यास आपला निष्काळजीपणा पुरेसा असतो. लेव्होनाडिफ्लॉक्सॅसिन किती काळ उपयोगी राहील, हे जसे रुग्णालयात ठरेल तसेच ते आपल्या चिठ्ठीवर आणि गावातील दुकानाच्या गल्ल्यावरही ठरेल. पहिल्याच भेटीत आपण पाय नीट पाहिला, तर पुष्कळ रुग्णांना या औषधाची गरजच पडणार नाही.