अंग भिते तेव्हा : एलीयाच्या थकव्याचा अभ्यास

वाचनपाठ : १ राजे, अध्याय १९



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी होतो. मदतकार्यासाठी गेलेल्या तरुणांत मीही होतो. तेथे एक आजी भर पावसातही पत्र्याच्या निवाऱ्याखाली येण्यास तयार नव्हत्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना देवावरील भरवशाविषयी सांगू लागलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी नाही भेत लेकरा, अंग भेतंय."

मला ती टाळाटाळ वाटली. ते उत्तर अचूक होते, हे कळण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

संकट समोर येताच शरीर आपल्या विचारांची वाट पाहत नाही. रक्तात ॲड्रेनलिन मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. पळता येत नसेल व प्रतिकारही करता येत नसेल, तर माणूस जागीच थिजतो. ही देवाने दिलेली संरक्षणव्यवस्थाच होय. संकट टळल्यावर बहुतेकांचे शरीर हळूहळू पूर्ववत होते. परंतु काहींच्या बाबतीत तसे होत नाही. दार आपटले, ट्रक गेला, की अंग पुन्हा त्या पहाटेत जाऊन पोहोचते. मनाला ठाऊक असते की भूकंप सरला. अंगाला ते कोणी सांगितलेले नसते.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला याचे फारसे नवल वाटू नये. इब्री 'नेफेश' या शब्दासाठी आपण 'जीव' म्हणतो; पण ६९ व्या स्तोत्राच्या आरंभी, जेथे पाणी चढत येते, तेथे अनेक भाषांतरकार त्याच शब्दाचा अर्थ 'गळा' असा करतात. मराठी माणसाचाही जीव कंठाशीच येतो. आपल्या पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छातीत धस्स होते. २२ व्या स्तोत्राचा कर्ता आपले दुःख सांगताना हाडे, हृदय, जीभ यांचीच नावे घेतो. आत्मा आणि देह यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी केली आहे, ती शास्त्रातून आलेली नाही.

याच जाणिवेवर आधारलेली उपचारपद्धती अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांनी विकसित केली आणि १९९७ मध्ये तीवर पुस्तक लिहिले. तिला 'सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग' म्हणतात. यातील 'सोमा' हा ग्रीक शब्द म्हणजे देह. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे करिंथकरांस लिहिताना पौलाने तोच वापरला आहे. या पद्धतीत झालेला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावत नाहीत. पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, खांदे कोठे आवळले आहेत, श्वास कोठे अडतो, याकडे थोडे थोडे लक्ष वळवतात. आणि भीती अनावर होण्यापूर्वीच पुन्हा सुरक्षित जाणिवेकडे आणतात.

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत १५० जणांना अशी सुमारे ७५ मिनिटांची बैठक देण्यात आली. आठ महिन्यांनंतर त्यांतील बहुतेकांनी मोठा आराम पडल्याचे सांगितले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि काळही जखमा भरून आणतो. तेव्हा सारे श्रेय उपचाराला देणे योग्य नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्राएलमधील अभ्यासात ६३ जणांचे यदृच्छेने दोन गट केले होते. १५ बैठकांनंतर उपचार मिळालेल्या गटाची लक्षणे लक्षणीय कमी झाली. पुरावा आशादायक आहे, पण तोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढांच्या आघातोत्तर विकारासाठी शिफारस केली ती बोधात्मक वर्तनोपचाराची आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणाऱ्या उपचाराची. म्हणून कोणी एका बैठकीत सर्व काही बरे करण्याचे आश्वासन देऊ लागला, तर सावध राहा. मग तो उपचारक असो वा प्रचारक.

आता एलीयाकडे या. कर्मेलावर तो एकटा साडेचारशे संदेष्ट्यांपुढे उभा राहिला होता. तोच मनुष्य ईजबेलीच्या निरोपाने पळतो, आपल्या सेवकाला बैर-शेबा येथे सोडतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. आपल्या मंडळीत असता, तर कोणी म्हणाले असते विश्वास डळमळला. कोठे तर दुष्टात्म्याची बाधाही ठरली असती. देवदूत यातले काहीच म्हणत नाही. तो भाकर देतो, पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्याला झोपू दिले जाते. दुसऱ्यांदा उठवले जाते तेही खाण्यासाठीच. येथे काय करतोस, हा प्रश्न होरेबावर, चाळीस दिवसांनंतर येतो.

मी हा अध्याय कितीतरी वेळा शिकवला, आणि प्रत्येक वेळी त्या मंद वाणीकडे धावलो. भाकरीपाशी थांबलो नाही. परमेश्वर भूकंपात नव्हता, असेही तेथेच लिहिले आहे. ते वाचताना मला त्या आजी आठवतात.

तुमच्याजवळ असे कोणी बसले असेल, तर आधी त्याचे पाय जमिनीवर टेकू द्या, पाठीला आधार द्या, पाणी द्या. खोलीत काय काय दिसते ते सावकाश पाहू द्या. दीर्घ श्वास घेण्याची किंवा डोळे मिटण्याची सक्ती नको. काहींची घाबर त्यानेच वाढते. प्रार्थनेसाठी मस्तकावर हात ठेवण्यापूर्वी विचारा, विशेषतः जिच्यावर अत्याचार झाला आहे अशा भगिनीला. नकार आल्यास तो मान्य करा. हकीगत खोदून काढू नका. महिना उलटूनही झोप, भूक, दचकणे सुधारले नाही, तर मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर देशभर मिळते. एलीयाप्रमाणे कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी मदत मागा व त्याला एकटे सोडू नका.

अध्यायात आणखी एक गोष्ट पाहा. दहाव्या व चौदाव्या वचनांत एलीयाचे उत्तर जवळजवळ शब्दशः तेच आहे. आघात सोसलेला माणूस तेच तेच सांगतो आणि आपण कंटाळतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो, मग त्याला काम देतो आणि नांगर चालवणाऱ्या एका तरुणाचे नाव सांगतो. बैर-शेबा येथे सेवकाला सोडून एकटा निघालेला एलीया अध्यायाच्या शेवटी एकटा नाही. अलीशा त्याच्यामागून चालला आहे.