मद्यमुक्तीच्या सभेची वाट

प्रश्न : यजमानांना दारू सोडायची आहे, पण गावभर बोभाटा होईल म्हणून सभेला जाण्यास ते कचरतात. काय करावे?
— एक भगिनी, जांबे (ता. मुळशी)

उत्तर : १९३५ साली अमेरिकेत उदय पावलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या बंधुसंघात दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट असून, तेथे फी नाही, आडनावाची विचारणा नाही आणि पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर नुसते ऐकत बसले तरी चालते; सबब बोभाट्याचे भय सोडावे. सभांची ठिकाणे व वार पुण्यातील, १९८६ साली स्थापन झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात विचारावेत. मात्र रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा संभव असल्याने, आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. कुटुंबीयांसाठीच्या ‘अल्-अनॉन’ सभेस आपणही जावे. आपल्या दुःखालाही तेथे आधार मिळेल.