इलेक्टिव्हचं पत्र हातात आलं, तरी आधी नीट वाचा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असताना अमेरिकेतल्या इलेक्टिव्हसाठी मी एका मध्यस्थ संस्थेकडे अनामत भरली. ‘हँड्स-ऑन इलेक्टिव्ह, जागा हमखास’ असा त्यांचा शब्द होता. वडिलांनी त्यासाठी बँकेतली ठेव मोडली. पत्र आलं, तेव्हा त्यात ‘ऑब्झर्व्हर’ असं लिहिलं होतं आणि पत्ता एका खासगी क्लिनिकचा होता. विद्यापीठाचं नावही नव्हतं. जाब विचारला, तर ‘रेसिडेन्सीसाठी दोन्ही सारखंच’ असं सांगण्यात आलं. हे साफ खोटं होतं. अनामत परत मिळाली नाही. पुढे सीनियरांच्या मदतीने थेट विद्यापीठाकडे अर्ज केला आणि शिकागोच्या एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये मेडिसिनची चार आठवड्यांची इलेक्टिव्ह पूर्ण केली.

इलेक्टिव्हमध्ये तुम्ही टीमचा भाग असता. हिस्टरी घेता, रुग्ण तपासता, राउंडला केस मांडता. अर्थात सगळं वरिष्ठांच्या देखरेखीखाली. ऑब्झर्व्हरशिपमध्ये फक्त पाहायचं असतं. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या स्टेप १चा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ पास किंवा नापास असा लागतो. गुणांचा आधार गेल्यामुळे प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांचं शिफारसपत्र यांचं वजन वाढलं आहे. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं, त्यांचंच पत्र बोलकं असतं.

ही संधी विद्यार्थी असेपर्यंतच असते. पदवी पूर्ण झाली की बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिपच उरते. काही विद्यापीठं इंटर्नला घेतात, काही घेत नाहीत. हे आधी विचारा. इंटर्नशिपमध्ये मिळणारी रजा वर्षभरात जेमतेम १५ दिवसांची आणि इलेक्टिव्ह साधारण चार आठवड्यांची. म्हणून तारखांचं अधिष्ठात्यांशी आधीच बोला आणि परवानगी लेखी घ्या.

तयारी किमान वर्षभर आधी सुरू करा. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची व्हीएसएलओ ही अर्जप्रणाली आहे, पण तिच्यातून अर्ज करायला आपलं कॉलेज तिच्याशी जोडलेलं असावं लागतं. नसेल, तर काही विद्यापीठं स्वतंत्र अर्जही घेतात. बोनाफाइड, ट्रान्सक्रिप्ट आणि अधिष्ठात्यांचं पत्र मिळवायला स्टुडंट सेक्शनच्या खेपा घालाव्या लागतात. तो वेळ हिशेबात धरा.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते लसीकरणाच्या कागदांवर. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात आणि त्यानंतर अँटिबॉडी टायटरही लागतो. गोवर आणि कांजिण्यांबद्दलचे पुरावेही मागतात. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असल्याने क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्तचाचणी चालते का, हे विद्यापीठाला विचारून घ्या. मालप्रॅक्टिस विमा कोण काढणार, तेही पत्रात स्पष्ट असू द्या.

अमेरिकेच्या मेडिकल स्कूलच्या रुग्णालयात बिनपगारी इलेक्टिव्ह करायची, तर बी-१ व्हिसा लागतो. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये विद्यापीठाचं पत्र दाखवा आणि जायचं कारण खरं तेच सांगा. ‘फिरायला चाललो म्हण’ असा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहा. ब्रिटनचे नियम वेगळे आहेत. तिथे व्हिजिटर व्हिसावर बिनपगारी इलेक्टिव्ह करता येते, पण रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यामुळे तिथल्या ‘हँड्स-ऑन’च्या जाहिरातीकडे संशयानेच पाहा.

कुठेही गेलात, तरी जे करायची परवानगी नाही ते कुणी आग्रह केला तरी करू नका. रुग्ण परका असला, तरी त्याचा जीव तेवढाच मोलाचा आहे.

पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः ईमेल करा. माझ्या नावाची जागा आहे का, मी विद्यार्थी म्हणून येणार की ऑब्झर्व्हर म्हणून, शुल्क कुणाला द्यायचं, हे तीन प्रश्न विचारा. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत कुणालाही एक रुपयासुद्धा देऊ नका.